सूर्यास्तानंतरचा माणूस

दिवाळी अमावास्येलाच का येते, याविषयी शास्त्री-पंडितांचे काय म्हणणे असेल ते असो. आम्हा तारे पाहणाऱ्यांची त्याबद्दल एक जुनी तक्रार आहे. वर्षात काळोख्या रात्री त्या किती! त्यांतल्या चार-पाच पावसाळा गिळून टाकतो. मग आश्विनातली अमावास्या येते, आकाश घासलेल्या परातीसारखे लख्ख झालेले असते, पूर्वेला कृत्तिका वर चढू लागतात, आणि नेमके त्याच रात्री सारे गाव दिवे लावून आणि दारू उडवून बसते. आता मी या तक्रारीवर भांडत नाही. वय झाले की माणसाला पणत्याही आवडू लागतात.

आमचा छंद काही एकट्यादुकट्याचा नव्हे. पुण्याला 1944 साली ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली, मुंबईला 1985 साली खगोल मंडळ निघाले. आमचा कंपू त्यामानाने अगदीच किरकोळ, नाव नसलेला. अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी शेवटच्या गाड्यांपैकी एखादी कर्जतची गाडी धरून आम्ही वांगणीला उतरत असू आणि पहाटेच्या पहिल्या गाडीने परत येत असू. तेव्हा त्या माळावर काळोख होता. आता शहराचा उजेड तिथवर येऊन पोचला आहे.

या छंदात एक गंमत आहे. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि कोणी काडी ओढली तरी ती एका क्षणात मोडते. म्हणून टॉर्चला लाल कागद बांधायचा, तोही जमिनीकडे धरायचा. याचा परिणाम असा, की वर्षानुवर्षे ज्यांच्याबरोबर रात्री काढल्या त्यांचे चेहरे आपण धड पाहिलेलेच नसतात. माणसे आवाजावरून ओळखायची. आमच्यात एक दाताचे डॉक्टर होते, एक एस. टी. तले कंडक्टर होते, एक किराणा दुकानदार होते; पण हे मला फार उशिरा कळले. मी स्वतः विमा कचेरीतला कारकून, हेही तिथे कोणी विचारले नव्हते. ‘काय करता आपण?’ हा प्रश्न, जो लग्नात, गाडीत, दवाखान्यात पहिल्या पाच मिनिटांत येतो, तो त्या माळावर येत नसे. आम्हाला याचा मोठा अभिमान होता. इथे माणूस नुसता माणूस असतो, असे आम्ही म्हणत असू.

त्यांतल्या एका गृहस्थांना आम्ही ‘कृत्तिकावाले’ म्हणत असू. तुम्हीआम्ही नुसत्या डोळ्यांनी कृत्तिकांत सहा तारे मोजतो. यांना आठ दिसत, हवा चांगली असली तर नऊ. हे फुशारकी मारणे नव्हते. ते कागदावर ठिपके काढून दाखवीत, आणि आम्ही दुर्बिणीतून ताडून पाहिले की ठिपके जागच्या जागी असत. मृदू बोलणारा, दुसऱ्याला दुर्बिणीशी आधी उभे करणारा माणूस. 1997 साली हेल-बॉपचा धूमकेतू आला तेव्हा वांगणीच्या खेड्यातली पोरे जमली होती. त्यांतल्या शेवटच्या पोराने पाहून होईपर्यंत या गृहस्थांनी स्वतः दुर्बिणीला डोळा लावला नव्हता.

त्यानंतरच्या वर्षी एका सकाळी आमच्या चाळीत, तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जप्ती आली. शेजारी भला माणूस. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिला होता आणि तो दुसरा पसार झाला होता. दाराशी गर्दी झाली. आतून आवाज आला, “कपाट एक, लोखंडी. टेबलफॅन एक.” तो आवाज ऐकून मी जिन्यातच थांबलो. आमचे कृत्तिकावाले कोर्टाचे बेलिफ होते.

त्यांनी मला पाहिले, पण ओळख दिली नाही. त्या वेळी तेच योग्य होते, हे मला पुढे कळले. सावकाराचा माणूस शेजारी उभा राहून एकेका वस्तूकडे बोट करीत होता. भांड्यांकडे त्याने बोट केले, बेलिफ म्हणाले, “स्वयंपाकाची भांडी नाहीत.” अंथरुणांकडे केले, “तीही नाहीत.” वहिनी चाळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवीत, त्या यंत्राकडे त्याने बोट केले, तेव्हा बेलिफ म्हणाले, “पोटाचे हत्यार आहे. कायद्याने लागत नाही.” मग कोपऱ्यातली पेटी आली. शेजारी गुरुवारच्या भजनाला पेटी वाजवीत. बेलिफांनी लेखणी थांबवली आणि विचारले, “हिच्यावर काही मिळकत आहे का? शिकवण्या वगैरे? असेल तर तसे सांगा.” शेजाऱ्यांनी एकदा पेटीकडे पाहिले, एकदा आमच्याकडे पाहिले, आणि म्हणाले, “नाही हो. ती नुसती हौस.”

पेटी यादीत गेली.

त्या दिवशी कचेरीत माझे लक्ष लागले नाही. रात्रीचा तो माणूस खरा की दिवसाचा? मनाला पहिले उत्तर सुचले ते सोपे होते: माणूस छंदात खरा असतो, धंदा हा पोटासाठी घातलेला अंगरखा. छंदिष्ट मंडळींना हे उत्तर फार प्रिय असते. इतिहासही त्यांच्या बाजूने बोलतो असे वाटते. युरेनस ग्रह 1781 साली सापडला तो बाथ गावच्या एका ऑर्गन वाजवणाऱ्याला, विल्यम हर्शेलला. सूर्यावरच्या डागांची भरती-ओहोटी सुमारे दहा वर्षांनी होते, हे 1843 साली सांगणारा श्वाबे मूळचा औषधविक्या. 1965 च्या सप्टेंबरात जपानात एका पहाटे दोघांनी स्वतंत्रपणे एकच धूमकेतू शोधला. त्यांतला इकेया पियानोच्या कारखान्यातला कामगार आणि सेकी गिटार शिकवणारा. शनीवरचा पांढरा डाग 1933 साली ज्याने पाहिला, तो विल हे इंग्लंडात लोकांना हसवणारा नट होता. अशा गोष्टी आपण सांगतो त्या एका विशिष्ट सुरात सांगतो: होता ‘नुसता’ कामगार, ‘नुसता’ नट, पण बघा!

त्या ‘पण’पाशी मी अडखळू लागलो.

बंगालातल्या राधागोविंद चंद्रांचे उदाहरण घ्या. 1878 साली जन्मलेला हा माणूस जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरीला होता. जेसोर आज बांगलादेशात आहे. शाळेच्या परीक्षेत यश नाही, विज्ञानाचे शिक्षण नाही. 1912 साली त्यांनी तीन इंची दुर्बीण मिळवली आणि ज्यांचे तेज कमीजास्त होत राहते अशा रूपविकारी ताऱ्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संस्थेला त्यांच्या नोंदी इतक्या मोलाच्या वाटल्या, की 1926 साली तिने त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवून दिली. आयुष्यभरात त्यांनी तीस हजारांहून अधिक नोंदी केल्या. त्यांची गोष्ट नेहमी ‘खजिन्यातला साधा नोकर, पण केवढा ज्योतिर्विद!’ अशी सांगतात.

आता हे काम असते कसे ते पाहा. दुर्बिणीत आपला तारा धरायचा. त्याच्या शेजारचे, ज्यांचे तेज ठाऊक आहे असे दोन तारे घ्यायचे, एक थोडा अधिक उजळ, एक थोडा मंद. आपला तारा दोघांच्या मध्ये नेमका कुठे बसतो हे डोळ्याने ठरवायचे, प्रतीच्या दहाव्या भागापर्यंत. काल काय लिहिले ते आठवायचे नाही, उद्या काय यावेसे वाटते त्याचा विचार करायचा नाही; दिसले ते लिहायचे. आणि राधागोविंदांचे खजिन्यातले काम कोणते? नाणी पारखणे! दिवसभर नाण्यामागून नाणे हाती घ्यायचे, खऱ्याशेजारी संशयित ठेवायचे, दोन चकाकींतला फरक ओळखायचा. हे दोन धंदे मला तरी वेगळे दिसत नाहीत. श्वाबेच्या नोंदवहीतही मला औषधांच्या दुकानातली शिस्त दिसते. आणि आमचे कृत्तिकावाले? ‘कपाट एक, टेबलफॅन एक’ असे जे आहे तेवढेच मोजणारा, नाही ते सावकाराने सांगितले तरी न लिहिणारा माणूस. त्याच डोळ्यांनी ते कृत्तिका मोजत होते. नवव्या ताऱ्याबद्दल मी त्यांच्यावर विश्वास ठेवीत होतो. मग पंचनाम्यातल्या त्याच डोळ्याची मला शरम का वाटावी?

तरीही पेटी मनातून जाईना. यंत्र राहिले आणि पेटी गेली. कायद्याने माणसाच्या पोटाची काळजी घेतली आणि हौसेची घेतली नाही. हे अन्यायाचे आहे असे मी घरी तावातावाने सांगितले, आणि भरीला हर्शेलची गोष्ट सांगितली. आरसा घासताना त्याने एकदा सोळा तास हात काढला नाही आणि बहीण कॅरोलाईन त्याच्या तोंडात घास भरवीत राहिली. पाहा, छंदाची केवढी ही थोरवी!

बायको तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “आणि तिला कोणी भरवलं?”

मी गप्प बसलो. कॅरोलाईन गाणारी होती. भावाच्या आकाशापायी तिचे गाणे मागे पडले. 1783 च्या शेवटच्या रात्री, भावाच्या कामासाठी बर्फातून धावताना लोखंडी आकडा तिच्या पायात घुसला. उरलेली रात्र ढगाळ निघाली, भावाचे नुकसान झाले नाही, असे समाधान तिने लिहून ठेवले आहे. पुढे तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले आणि 1787 पासून राजाकडून तिला वर्षाला पन्नास पौंड मिळू लागले. आपल्या मनाप्रमाणे खर्च करायला मिळालेला आयुष्यातला पहिला पैसा म्हणून तिला त्याचे अप्रूप होते. म्हणजे भावाला छंदाने जे दिले, ते तिला पगाराने दिले. माळावर आम्ही सारे नुसती माणसे असू, हे खरे. पण त्या ‘साऱ्यां’त कित्येक वर्षे एकही बाई नव्हती, हे त्या रात्रीपर्यंत माझ्या लक्षातही आले नव्हते. शनिवारची रात्र मी माळावर काढी, तेव्हा तापलेल्या मुलाच्या उशाशी कोण बसे, हा हिशेब मी मांडला नव्हता.

पुढच्या अमावास्येला जावे की नाही, असा विचार मी करीत होतो. शेवटी गेलो. आवाज आला, “या.” बराच वेळ आम्ही काहीच बोललो नाही. मग तेच म्हणाले, “त्या दिवशी तुम्हाला ओळख दिली असती, तर शेजाऱ्यांना वाटलं असतं, यांच्या ओळखीनं काही होईल. आणि होण्यासारखं काही नव्हतं.”

मी म्हणालो, “पेटीचं वाईट वाटलं.”

“मी विचारलं होतं त्यांना. दोन शिकवण्या आहेत म्हणाले असते, तर लिहिलं असतं तसं.” थोड्या वेळाने म्हणाले, “खोटं बोलले नाहीत ते.” मग दुर्बिणीवर हात ठेवून हसल्यासारखे केले. “उद्या माझ्यावर जप्ती आली तर ही जाईल. दंतवैद्याची हत्यारं सोडवायला निदान भांडता तरी येईल. हिच्यासाठी तेही नाही. मीच लिहीन: दुर्बीण एक.”

मी विचारले, “मग या कामात मन कसं लागतं?”

त्यावर ते म्हणाले, “एक सोय आहे. सूर्य मावळल्यावर जप्तीसाठी कोणाच्या घरात शिरायचं नाही, असं कायद्यातच आहे. उगवेपर्यंत.”

पेटीचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. चाळीतल्या आम्ही काहींनी वर्गणी काढून ती लिलावात घेतली आणि परत नेऊन दिली. शेजाऱ्यांनी ती घेतली, पण गुरुवारी पुन्हा वाजवायला त्यांना बरेच महिने लागले. वर्गणीच्या यादीत एक नाव नसलेली रक्कम होती. ती कोणाची, हे मी कधी विचारले नाही. आणि माझ्या मनात आहे तेच उत्तर असेल, असेही ठामपणे म्हणत नाही.

त्या रात्री हवा तितकीशी चांगली नव्हती. मी कृत्तिकांकडे पाहिले. मला सहाच दिसल्या. शेजारी ते हळूहळू मोजत होते. सातवर थांबले, पुन्हा पहिल्यापासून मोजले, आणि लाल उजेडात वहीवर लिहिले: सात.