पडदे लावलेलं घर

चि. निखिल,

काकांचे गुडघे बरे आहेत, कुंडीतली मेथीही तरारलीय. पण परवा फोनवर तू म्हणालास, ‘आम्ही टॅक्स भरायचा आणि हे लोक बेनिफिटवर लोळणार’, ते काही डोक्यातून जाईना.

राजा, तुझा राग कळतो मला. व्हिसावर सरकारी मदत नाही अशी अट, वर एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेसाठी वर्षाला १०३५ पौंड सरचार्ज. टोचणारच. पण तो राग शेजाऱ्यावर कशाला?

तुझ्याच बर्मिंगहॅममध्ये २०१२ साली तेव्हाच्या अर्थमंत्र्याने, जॉर्ज ऑस्बोर्नने, भाषण ठोकलं होतं: पहाटे अंधारात कामाला निघणारा माणूस आणि शेजारी पडदे लावून झोपलेला बेनिफिटवाला. २०१४ मध्ये चॅनेल फोरने ‘बेनिफिट्स स्ट्रीट’ ही मालिका दाखवली, तीही तुमच्या विन्सन ग्रीनमधली. लोकांच्या मनात तेच चित्र बसलं. त्याच सुमारास टीयूसी या कामगार संघटनांच्या महासंघाने पाहणी करवली. बेनिफिटच्या खर्चातला ४१ टक्के वाटा बेकारांवर जातो, असा लोकांचा अंदाज, प्रत्यक्षात ३. लबाडी २७ टक्के वाटायची, सरकारी आकडा ०.७. सगळ्यात मोठा घास आम्हा पेन्शनवाल्यांचा, पण आम्हाला कोण फुकटे म्हणतंय!

२०२४ मध्ये बहुतेक म्हाताऱ्यांचे हिवाळ्यातल्या हीटिंगचे पैसे काढले, तर केवढा गहजब झाला. वर्षाच्या आत सरकारने माघार घेतली. बेनिफिटमधली दोन मुलांची मर्यादा मात्र २०१७ पासून कितीतरी वर्षं टिकली. ती पोरं दुसऱ्यांची ना.

त्या हिवाळ्यात आमच्या शेजारची आजी स्वयंपाकघरात कोट घालून बसायची, नजर मीटरच्या आकड्यावर. मी आमटी घेऊन जायची. कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांसाठीचं पेन्शन क्रेडिट तिला मिळण्यासारखं होतं, पण फॉर्म भरेना. म्हणे, ते ‘तसल्या’ लोकांसाठी असतं. जन्मभर ती ‘तसल्यां’ना नावं ठेवत आली होती, आता तेच नाव स्वतःला कसं लावून घेणार? काकांनी चहा पाजत पाजत तिच्याकडून भरून घेतला एकदाचा.

म्हणून सांगते बाळा, ऑफिसात असा विषय निघाला की लगेच मान डोलवू नकोस. कुठला भत्ता, कुणाला, किती, एवढं विचारत जा. युनिव्हर्सल क्रेडिट घेणारे कितीतरी जण नोकरी करतात. पगारात भाडं भागत नाही म्हणून घेतात. तुमच्या इमारतीचा रात्रपाळीचा गार्डही असेल त्यांच्यात. आणि घसा दुखतोय म्हणालास, तर आधी फार्मसीत जा, अंगावर काढू नकोस.

दिवाळीला येताना माझे डबे आठवणीने आण.

तुझी,
आत्या