गुरुजींचं पोट

सरळगावच्या पलीकडे एका वाडीवर जिल्हा परिषदेची शाळा होती. गुरुजी राहायला शहापुरात. रोज सकाळी मोटारसायकल काढायची, किन्हवलीच्या रस्त्याने मुरबाड तालुक्यात शिरायचं आणि परिपाठाला उभं राहायचं. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, इथवर सगळं ठीक चाले. शेवटी मौन आलं की गुरुजींच्या पोटात गुडगुड सुरू होई. साधीसुधी नव्हे, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशी. पोरं ओठ दाबून हसत. गुरुजी खोकून आवाज झाकू पाहत, पण पोट खोकल्याला जुमानत नसे.

दुखणं जुनं होतं. गुरुजी मूळचे घाटावरचे, दोन्ही वेळा पोळी खाणारे. वर्षानुवर्षं जुलाब, रक्त कमी, अंगाला मांस धरेना. शेवटी कल्याणच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा काढून पाहिला आणि सीलिएक हे नाव सांगितलं. गव्हातलं नाहीतर जवातलं ग्लुटेन पोटात गेलं की या आजारात शरीर आपल्याच आतड्याच्या अस्तरावर उलटतं. ग्लुटेन जन्मभर सोडणं हाच उपाय. गुरुजींनी एक गोष्ट बरी केली होती, तपासणीआधी मनानेच गहू सोडला नव्हता. आधीच सोडला तर तपासणीत आजार लपून राहू शकतो.

नोकरी तांदळाच्या मुलखात होती, हे नशीबच. शहापूर-मुरबाडकडे गावात भाकरी म्हटली की ती तांदळाची. जोडीला नाचणी, वरई. पोळी सुटल्याचं फारसं दुःख झालं नाही. जुलाब कमी झाले. गुडगुड मात्र वाढली.

मग सल्ले आले. कुणी म्हणालं हिंग घ्या. गुरुजी सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात हिंग घालून पिऊ लागले. ताकदीसाठी दूध सांगितलं, तर पेलाभर दूध सुरू केलं. ठाण्याहून ग्लुटेनमुक्त बिस्किटांची महागडी पाकिटं आणली. थंडीत भात निघालेल्या शेतातले वाल आले, ते कुकरला लावून खाल्ले. आणि कशानेच गुण येईना तेव्हा त्यांनी सकाळी खाणंच बंद केलं. कोरा चहा घ्यायचा आणि निघायचं. पोटात काही नसेल तर वाजेल काय, असा हिशेब.

हिशेब उलटा होता. पोट रिकामं असलं की साधारण दीड-दोन तासांनी जठरापासून आतड्यापर्यंत आकुंचनाची एक जोरदार लाट जाते. दुकान बंद झाल्यावर झाडू मारावा तशी ती उरलंसुरलं पुढे लोटते. लोटायला अन्न नसतं, नुसतं पाणी आणि हवा. आवाज होतो तो त्यांचा, आणि तो दाबायला आत काहीच नसतं. एके दिवशी मौनात गुरुजींचं पोट असं गरजलं की पाखरंही उडावीत.

या वेळी हसू फुटायच्या आत दुसरीतला एक कातकरी पोरगा मोठ्याने म्हणाला, “गुरुजी, तुम्ही पण नाय खाल्लं?”

त्याचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले. तो आजीपाशी राही. दुपारी शाळेत पोषण आहाराची खिचडी मिळे, तेच त्याचं दिवसातलं पहिलं जेवण. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता आणि त्यात हसण्यासारखं त्याला काही दिसत नव्हतं. गुरुजींनी मौन तिथेच सोडलं. ओसरीवर बसून पोरांना आपलं दुखणं पहिल्यापासून सांगितलं. लाजेने इतके दिवस ते कुणालाच नीट सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनाही.

मोठी पोरं इंग्रजी वाचनासाठी वेष्टनं जमवत. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी स्वतःच्याच स्वयंपाकघरातले डबे आणि पाकिटं आणून मांडली. सहावीतल्या मुलीने हिंगाची डबी उचलली आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवत एकेक अक्षर लावलं. “व्हीट फ्लोअर. म्हणजे गव्हाचं पीठ ना, गुरुजी?”

शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून दुकानातल्या हिंगात डिंक आणि कसलंतरी पीठ मिसळतात. पुष्कळदा ते गव्हाचंच असतं. ज्या पदार्थावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचं त्यात किलोला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, आणि हे गृहस्थ गहू औषध म्हणून दोन वेळा पीत होते! बिस्किटात गहू नव्हता, पण कसल्याशा मुळाचा तंतू घातलेला होता. तो मोठ्या आतड्यात आंबतो आणि वायू धरतो.

वालाचं ऐकून खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी कपाळाला हात लावला. “असं कोन शिजवतं? रातभर भिजवा, पानी फेका, मोड आना, सोला, मग बिरडं करा.” मावशींना कारण सांगता आलं नसतं, पण ते आहे. वालातल्या काही शर्करा पचवणारं पाचकद्रव्य माणसाच्या पोटात नसतं. त्या तशाच पुढे जातात आणि तिथले जंतू त्यांचा वायू करतात. भिजवलेलं पाणी फेकलं की त्यातल्या बऱ्याच निघून जातात. दुधाचं कोडं पुढच्या खेपेला डॉक्टरांनी सोडवलं. दूध पचवणारं द्रव्य आतड्याच्या त्याच दुखावलेल्या अस्तरात तयार होतं. अस्तर भरून येईपर्यंत दूध थांबवा, म्हणाले.

राहिली गिरणी. तिथे गव्हाच्या दळणावरच गुरुजींचा तांदूळ पडत होता. गिरणीवाल्याला सांगितल्यावर त्याने जातं झाडून सकाळचं पहिलं दळण त्यांचं धरलं, वर म्हणाला, “आधी बोलायचं ना!”

काही महिन्यांत पोट बरंच निवलं. पूर्ण गप्प झालं नाही, निरोगी पोटही कधी पूर्ण गप्प नसतं. गुरुजींनी त्यावर विज्ञानाचा तास घेतला. पुठ्ठ्याची नळी करून पोरांनी एकमेकांची पोटं ऐकली आणि कुणाचं रिकामं, कुणाचं भरलेलं, हे ओळखून दाखवलं.

त्याच आठवड्यात गुरुजींनी आपल्या वहीत हजेरीशेजारी एक रकाना आखला, सकाळी खाऊन आला की नाही याचा. नाही म्हणणाऱ्यांना परिपाठाआधी मूठभर चणे-कुरमुरे मिळतात. गुरुजीही त्यांच्यातच बसून खातात. दुपारचं जेवण सरकारचं आहे, सकाळच्या मुठीचा खर्च गुरुजींचा. ठाण्याची बिस्किटं बंद झाली, तेवढ्या पैशांत तो भागतो.