मागे काय राहील?

माणसाच्या मागे काय उरतं, हा प्रश्न संतांनी केव्हाच सोडवला आहे. तरी आम्ही मध्यमवर्गीय तो पुन्हा पुन्हा काढतो. कुणी देवळाच्या फरशीवर आईवडिलांचं नाव कोरून घेतो, कुणी मंगल कार्यालयाला भिंतीवरचं घड्याळ देतो. घड्याळ वर्षभरात बंद पडतं, 'स्मरणार्थ' तेवढं चालू राहतं.

या बाबतीत चंद्रपूर जिल्ह्यातलं, वरोऱ्याजवळचं पिसदुरा गाव ध्यानात घेण्यासारखं आहे. तिथले खडक 'लमेटा' थरातले. हे नाव जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या घाटावरून पडलेलं; वय अदमासे साडेसहा कोटी वर्षं. या थरात डायनोसॉरची हाडं मिळतातच, पण पिसदुऱ्याची ख्याती आहे ती दगड झालेल्या शेणाबद्दल! लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. त्यात गवताचे सिलिकाचे कण निघाले. काही तर भाताच्या दूरच्या सोयऱ्यांचे. गवत आलं ते डायनोसॉर गेल्यावर, ही सर्वसाधारण समजूत २००५ साली त्या शेणाच्या गोळ्यांनी मोडीत काढली.

आता आमच्यासारख्या बी.कॉम. माणसाला प्रश्न पडतो : ही रक्कम जमा कुणाच्या खाती करायची? त्या बिचाऱ्या जनावराच्या मनात विज्ञानाची सेवा नव्हती. हेतू नाही, तर पुण्य कसलं? बरं, घड्याळवाल्याचा हेतू स्वच्छ दिसतो. पण तो घड्याळापेक्षा नावाचाच!

बँकेत तपासणीस येतो तो न कळवता. साहेबांचं स्वागतपर भाषण तो ऐकत नाही. सरळ कॅश मोजायला घेतो. काळही तसाच. मानपत्रं राहतील बाजूला आणि भलताच कागद हाती लागेल. डायनोसॉरनं गवत खाल्लं, हे त्याच्या शेणावरून कळलं. माणसानं शेण खाल्लं, हे कशावरून कळेल कोण जाणे!

आमच्या वडिलांच्या मागे मानपत्र नाही, हिशेबाची वही आहे. दूध, गूळ, रॉकेल, आणि दर महिन्याला एक ओळ : 'थोरल्या वहिनींस रु. ५०'. थोरले काका लवकर गेले होते. या पन्नास रुपयांचं घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि वही काही आम्ही वाचावी म्हणून लिहिलेली नव्हती. म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो.

तेव्हा मागे काय राहावं, ते आपल्या हाती नाही. रोजची नोंद मात्र आहे. घड्याळ द्यायचं तर खुशाल द्यावं. फक्त चालणारं द्यावं.