शनवार तेल्यांचा शेजार

मधल्या सुट्टीत सातवीतल्या एका मुलाने डब्यातला कबाब मित्राला दिला नाही. मित्र रागावून म्हणाला, "तू यहूदी है, यहूदी!" दोघांची भांडणे आम्ही मिटवली, पण तो शब्द डोक्यातून जाईना. वर्गात आम्ही त्या मुलाला विचारले, "बेटा, यहूदी पाहिलास कधी?" तो म्हणाला, "टीव्हीवर."

आमची उर्दू शाळा अलिबाग तालुक्यातली. अलिबागेत इस्राएल आळी आहे. १८४८ साली बांधलेले आणि १९१० साली पुन्हा उभारलेले मागेन आबोथ सिनेगॉग तिथे आजही आहे. बाजाराला जाताना या मुलाने ती आळी दहा वेळा तरी ओलांडली असेल. तरी यहूदी त्याला टीव्हीवरच भेटला.

दोष मुलाचा नाही. आमच्या घरांतही हा शब्द असाच उच्चारला जातो. कंजूष माणसासाठी, दगाबाजासाठी. गंमत अशी की आमच्या दादीच्या तोंडी 'यहूदी' नव्हताच, 'शनवार तेली' होता. शनिवारी घाणा बंद ठेवणारा तेली, म्हणून शनवार तेली. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून वंश वाढला, अशी बेने इस्राएलांची परंपरा सांगते. नवगावला त्यांची दफनभूमी आहे. ही मंडळी गावोगाव पसरली, तेल गाळू लागली, मराठी बोलू लागली. आडनावेही गावांची घेतली : पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमकर, नवगावकर. पोथ्या नव्हत्या, धर्मगुरू नव्हते. शनिवार पाळायचा, मुलाची सुंता करायची, खवले नसलेला मासा खायचा नाही, एवढे शिल्लक राहिले. (आम्ही शाफई लोक कोळंबीवर जीव टाकणारे, त्यामुळे हा शेवटचा नियम आम्हांला विशेष कठीण वाटतो.) पुढे डेव्हिड रहाबी नावाच्या यहूदी गृहस्थाने घरातल्या बायकांपुढे मासे ठेवले. त्यांनी खवल्यांचे मासे तेवढे निवडले आणि त्याने ओळखले की हे आपलेच. रहाबीने त्यांच्यातल्या तिघांना धर्म शिकवून तयार केले. त्या तिघांना काय म्हणू लागले? काजी! मुंबईतल्या त्यांच्या सर्वांत जुन्या सिनेगॉगला, १७९६ सालच्या, लोक आजही जुनी मशीद म्हणतात.

हे शब्द कोणी कोणाकडून उसने घेतले याची नोंद कोणी ठेवली नाही. शेजारात ती ठेवली जात नसते. त्यांचा एलियाहू हन्नाबी तो आमचा हजरत इलियास. कुरआनात त्यांचा उल्लेख आहे. अलिबागजवळच्या खंडाळे परिसरातील खडकावर त्यांच्या रथाच्या चाकोऱ्या उमटल्या आहेत, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा. नवस फेडताना ते पोहे, नारळ, साखर घालून मलिदा करतात. मलिदा आमच्याही नियाजेला असतो.

स्वातंत्र्यानंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. कोणी हाकलले म्हणून नव्हे, हे ते स्वतःच सांगत आले आहेत. तिथे मात्र वेगळे घडले. काम आणि वागणूक यांच्या तक्रारींवरून १९५१-५२ मध्ये काहींनी भारतात परत जायचे म्हणून धरणे धरले. काही कुटुंबे परतलीही, आणि त्यांतली बरीचशी पुन्हा तिकडे गेली. १९६० नंतर तिथल्या धर्मपीठाने त्यांचे यहूदीपणच तपासायला घेतले. लग्न लावायचे तर आई कोणाची, आजी कोणाची, पुरावा आणा. मोठे आंदोलन झाले, तेव्हा १९६४ साली तिथल्या संसदेने ते पूर्ण यहूदी असल्याचे जाहीर केले.

ज्या कोकणाने शेकडो वर्षे दाखला मागितला नाही ते वतन, की ज्या भूमीकडे तोंड करून नमाज पढली आणि जिने दाखला मागितला ते? दाखला मागितला जाणे म्हणजे काय, हे आम्हांला कोणी समजावून सांगायला नको. कुठेही स्फोट झाला की आमच्याकडेच उत्तर मागणारे शेजारी असतात. तेव्हा आम्ही म्हणतो, त्यांच्या कृत्याशी आमचा काय संबंध? २००८ च्या मुंबई हल्ल्यात नरिमन हाऊसमध्ये यहूदी जोडपे मारले गेले. हल्लेखोरांना दफनासाठी जागा द्यायला मुंबईच्या मुस्लिम कब्रस्तानच्या विश्वस्तांनी नकार दिला. तो नकार आम्हांला आमचा वाटला. मग गाझातल्या मुलांची प्रेते पाहून फाटलेले आमचे काळीज इस्राएल आळीतल्या म्हातारीकडे कोणत्या हिशेबाने उत्तर मागते? गाझाचे दुःख खरे आहे. ते कमी करा असे आम्ही कोणाला सांगणार नाही. पण जो न्याय आम्ही स्वतःसाठी मागतो, तो शेजाऱ्याला नाकारायचा असेल तर मागायचा हक्क तरी उरतो का? एका यहुद्याचा जनाजा जाताना पैगंबर (स.) उभे राहिले, आणि तोही एक जीवच होता असे त्यांनी साथीदारांना सांगितले, ही हदीस आम्ही दरवर्षी मुलांना शिकवतो. परीक्षेत ती पाच गुणांना येते.

शेवटी आम्ही मुलांना त्या आळीत नेले. पाट्यांवरची मराठी नावे त्यांनी मोठ्याने वाचली. सिनेगॉगपाशी आम्ही जुन्या काजींची गोष्ट सांगितली, तेव्हा सगळे हसले. कोलकात्याच्या सिनेगॉगांची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान करीत आले आहेत, हे मात्र कोणाला खरे वाटेना.

परतताना तोच कबाबवाला मुलगा, ज्याला शिवी मिळाली होती, शेजारी येऊन चालू लागला. म्हणाला, "सर, इथून जे गेले, त्यांचा नातू तिकडे फौजेत असेल, तर तोही आपला शेजारी?"

आम्ही म्हणालो, त्याची आजी आपली शेजारीण होती. "आणि तो?" त्याने पुन्हा विचारले. एस.टी. आली होती. मुले मोजायची होती. आम्ही त्याला आधी चढ म्हणून सांगितले. एकवीस मुले नेली होती, एकवीस चढली. तो खिडकीपाशी बसला आणि पूर्ण रस्ताभर आमच्याकडे वळून वळून पाहत राहिला.