चूक कोणाची?

चुकणें हा मनुष्यधर्म आहे असें म्हणून आपण पुष्कळदां दुसऱ्यास क्षमा करतों. परंतु क्षमा करतांना चूक त्याचीच होती हें गृहीत धरतों. हें गृहीतच कित्येकदां न्यायास धरून नसतें, असें आम्हांस वाटतें.

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या वायुदलांत एक चमत्कारिक प्रकार वारंवार घडे. बी-१७ जातीचें अवजड विमान सुखरूप भूमीवर उतरे, आणि मग वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजीं चाकेंच आंत ओढून घेई. विमान पोटावर आदळे. दोष अर्थातच वैमानिकाच्या माथीं येई. १९४३ सालीं अल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञानें वैमानिकांच्या पुढ्यांतील खटकेच न्याहाळून पाहिले. चाकांचा खटका व झडपांचा खटका शेजारींशेजारीं असून दिसण्यांत सारखे होते. सी-४७ विमानांत ही व्यवस्था निराळी होती, आणि तेथील वैमानिकांच्या हातून अशी चूक होत नसे. चॅपॅनिसनें एका खटक्यास रबराचें लहानसें चाक व दुसऱ्यास पाचरीच्या आकाराचें टोक बसविलें. हातास अंधारांतहि भेद कळूं लागला, आणि तो प्रमाद थांबला. पुढें १९४७ सालीं पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनीं वैमानिकांच्या अशा ४६० प्रमादांची छाननी केली; त्यांतील सुमारें निम्मे एका खटक्याऐवजीं दुसरा ओढल्याचेच निघाले.

यावर कोणी म्हणेल कीं, यंत्रावर दोष ढकलण्याची मुभा मिळाली म्हणजे मनुष्य बेफिकीर होईल. हा आक्षेप क्षुल्लक नाहीं. सावध राहणें हें वैमानिकाचें कर्तव्य आहेच. परंतु सावधपणास मर्यादा आहेत, आणि थकव्यास कोणी दुर्गुण म्हणत नाहीं. रात्रभर जागलेल्या माणसाचा हात क्षणभर चुकतो. यंत्र रचणाऱ्यास मात्र विचाराला महिने मिळालेले असतात. पहिल्या अपघाताच्या वेळीं त्याचें अज्ञान क्षम्य. दहाव्या वेळीं त्यासच अनास्था म्हणावें लागतें. जबाबदारी येथें नाहींशी होत नाहीं. तिचा ज्याचा वांटा त्याच्याकडे जातो, इतकेंच.

परवां एका बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रापाशीं एक वृद्ध बाई आमच्या पुढें उभ्या होत्या. यंत्रानें तिसऱ्यांदां नकार दिला, तेव्हां त्या वळून म्हणाल्या, "माफ करा हो, मलाच मेलीला कळत नाहीं." आम्ही मदतीस पुढें झालों आणि नेमके तेथेंच चुकलों. पडद्यावरील ओळ व तिचें बटण समोरासमोर नव्हतें. आमची पदवी तेथें कांहीं उपयोगी पडली नाहीं. बाईंनीं दोष स्वतःकडे घेतला होता; आम्हीं मात्र तत्काळ यंत्रास बोल लावला. दोघांची चूक एकच होती. वाईट रचलेली वस्तु केवळ वेळ दवडते असें नाहीं. ती निरपराध माणसास लाजेनें मान खालीं घालावयास लावते. ती लाज ज्याची त्यास परत करणें, हें आमच्या मतें न्यायाचेंच काम आहे.