चढा पंचम

मिरजेत एक मास्तर राहत होते. जन्मभर गणित शिकवलं आणि जन्मभर गाणं ऐकलं. अब्दुल करीम खाँ ज्या गावात राहिले आणि १९३७ साली गेल्यावर दर्ग्याच्या आवारात विसावले, त्या गावात कानाला गाण्याचं वेड लागलं तर नवल नाही. मुलांची लग्नं झाली, घराचं कर्ज फिटलं, तेव्हा मास्तरांनी निवृत्तीच्या पैशांतून मनातली जुनी हौस पुरी केली. उत्तम टर्नटेबल, वजनदार अॅम्प्लिफायर आणि कमरेएवढे दोन स्पीकर घरात आले. दूरदर्शनवरच्या मैफली याच स्पीकरांवर ऐकता याव्यात म्हणून टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्समधून एक तार अॅम्प्लिफायरला जोडली.

पहिल्याच संध्याकाळी तंबोऱ्यांच्या मागे काहीतरी गुणगुणलं. गाणं थांबलं तरी ते थांबेना.

मास्तर सांगलीच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "आपल्याकडची वीज कमीजास्त होते, सर्वो स्टॅबिलायझर घ्या. दाब उतरला की आतली मोटर कार्बनचा ब्रश सरकवते आणि पुन्हा २३० करून देते." कोल्हापूरचा म्हणाला, "ऑनलाइन यूपीएस घ्या, तो वीज मोडून पुन्हा नवी घडवतो." पुण्याचा म्हणाला, "तुमच्या विजेत कचरा आहे, तो गाळणारा पॉवर कंडिशनर घ्या." आणि त्याने सव्वा लाखाची एक सुंदर पेटी दाखवली.

तिघांपैकी कोणीही खोटं बोललं नव्हतं. आपापल्या औषधाचे खरेच गुण त्यांनी सांगितले. रोग कोणता, हे मात्र एकानेही विचारलं नाही. आणि मुलांना "आधी गणित नीट वाच, मग सोडव" असं तीस वर्षं सांगणाऱ्या मास्तरांनीही ते स्वतःला विचारलं नाही.

पेटी आली. सगळी यंत्रं तिच्यात खोचली गेली. गुणगुण होती तशीच राहिली. वर तबल्याच्या डग्ग्याची घुमक दबली, समेवरचा जोर उणा झाला. कोणीतरी सल्ला दिला, "अॅम्प्लिफायरच्या प्लगची ती जाडी तिसरी पिन काढून टाका." मास्तरांनी तेही केलं, आणि गुणगुण जादूसारखी गेली! इथे मला थांबून सांगितलंच पाहिजे, कारण हा सल्ला आजही घरोघरी दिला जातो: ती पिन अर्थिंगची असते. आत एखादी तार सुटून पत्र्याला टेकली, तर ती वीज जमिनीत नेणारी वाट तीच. ती तोडून मिळवलेली शांतता माणसाच्या जिवावर उधार घेतलेली असते. मास्तरांनाही रात्री झोप लागली नाही. सकाळी त्यांनी तिसरी पिन असलेला प्लग परत बसवला. गुणगुण परत आली.

एके दिवशी तंतुवाद्यांच्या गल्लीतले एक वृद्ध कारागीर, सगळ्यांचे चाचा, घरी आले. पन्नास वर्षं त्यांनी भोपळे निवडले, तंबोऱ्यांची जवारी काढली. मास्तरांनी पांढरी एकमध्ये गाणाऱ्या एका बुवांची तबकडी लावली. चाचांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"मास्तर, पंचम चढा आहे."

"चाचा, एवढ्या मोठ्या गवयाचा तंबोरा बेसूर कसा असेल?"

"तंबोरा सुरातच आहे. त्याच्याजवळ दुसरंच कुणीतरी गातंय."

मास्तर कागद घेऊन बसले. पांढरी एकचा मंद्र पंचम सेकंदाला साधारण ९८ कंपनांचा. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा झुलते. तिची दुप्पट १००. दोन कंपनांचं अंतर, म्हणून पंचम चढल्यासारखा! मग तो सूर विजेचाच होता. पण तो येत कुठून होता?

चाचा म्हणाले, "आमच्याकडे तंबोरा वाजेना म्हणून आणला की शिकाऊ पोरगा लगेच जवारी घासायला घेतो. मी त्याचा हात धरतो. आधी खुंटी सरकते का बघ, मग भोपळ्याला चीर आहे का बघ. जवारी एकदा घासली की परत भरता येत नाही. तुम्ही पेटी आणलीत, पण घराची खुंटी बघितलीत का?"

दुसऱ्या दिवशी वायरमन तात्या आले. परवाना असलेला, शांत माणूस. त्यांनी विकायला काहीच आणलं नव्हतं. आधी अॅम्प्लिफायरला जोडलेल्या सगळ्या तारा सोडल्या. स्पीकर गप्प. टर्नटेबल जोडलं, गप्प. टीव्हीकडची तार जोडली आणि गुणगुण सुरू. स्वयंपाकघरातला फ्रीज चालू झाला तशी ती वाढली. मास्तरांनी हे इतके दिवस ऐकलं होतं, पण लक्ष दिलं नव्हतं.

मग तात्यांनी सगळी यंत्रं भिंतीपासून सोडवली आणि बल्बची चाचणी घेतली. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये पेटलाच नाही.

दोघं परसात गेले. कधीकाळी कोळसा आणि मीठ घालून पुरलेला अर्थिंगचा पाइप वैशाखात कोरडाठाक पडला होता, आणि त्याला तार बांधणारा क्लॅम्प गंजून तुटला होता. घराला जमिनीत जायची वाटच उरली नव्हती. फ्रीजमधून, वॉशिंग मशिनमधून झिरपणारी थोडी थोडी वीज मग सापडेल त्या वाटेने निघाली होती: अॅम्प्लिफायरच्या पत्र्यातून टीव्हीच्या तारेत, तिथून केबलवाल्याच्या तारेवरून बाहेर. जिच्यातून गाणं यायचं, तीच तार घरभराची गळती वाहत होती. सव्वा लाखाची पेटी तिला अडवणार कशी? गळती पेटीच्या अर्थिंगमधूनच अॅम्प्लिफायरपर्यंत येत होती.

तात्यांनी खड्डा खणला, नवा पाइप पुरला, तांब्याची जाड तार घट्ट कसली. फ्रीजची गळती शोधून बंद केली. तीस मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवला. टीव्हीच्या केबलला एक छोटा आयसोलेटर लावला. मजुरी धरून सगळ्याचा खर्च पेटीच्या खोक्यावरच्या आकड्यापुढे किरकोळ होता.

"आता पेटीचं काय करू?" मास्तरांनी विचारलं.

"आधी मोजा," तात्या म्हणाले.

मास्तरांनी पंधरा दिवस वहीत विजेचा दाब टिपला. संध्याकाळी सर्वांत खाली २१६, मध्यरात्रीनंतर सर्वांत वर २४३. २०७ ते २५३ एवढं चांगलं यंत्र सहज सोसतं, म्हणून स्टॅबिलायझर लागणार नव्हता. वळवाच्या विजा मात्र खऱ्या होत्या, आणि पेटीत त्यांचा झटका झेलून जमिनीत सोडायची सोय होती. आजवर जमीनच नव्हती, म्हणून तीही लंगडी होती. तात्यांनी टर्नटेबल आणि टीव्ही पेटीत ठेवले. अॅम्प्लिफायर लाटेच्या माथ्यावर वीज घोटाघोटाने ओढतो, आणि पेटीतली वेटोळी ते घोट अडवत होती. म्हणून त्याला त्यांनी थेट भिंतीतल्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर घेतलं, आणि झटक्यापासूनचं संरक्षण मेन बोर्डातच बसवून दिलं.

त्या रात्री तीच तबकडी लागली. डग्गा छातीत घुमला. चाचा डोळे मिटून बसले होते. स्वयंपाकघरात फ्रीज चालू झाला. चाचांनी डोळे उघडले नाहीत.

आता उन्हाळा आला की मास्तर दर रविवारी परसातल्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततात. मग हातपाय धुऊन आत येतात आणि तबकडीवरची धूळ पुसायला घेतात.