दुर्बिणीची बैठक आणि समत्वाचा प्रश्न

भारतीय तत्त्वचिंतनात स्थैर्य हा श्रेष्ठ गुण मानला गेला असला, तरी स्थिर असणे म्हणजे हालचाल थांबणे की हालचालीतला अडथळा नाहीसा होणे, या प्रश्नाचे उत्तर परंपरेने एकमुखाने दिलेले नाही. पातंजल योगसूत्रांत आसनाची व्याख्या करताना स्थिरतेच्या जोडीला सुख, म्हणजे सहजता, ठेवली आहे आणि आसन सिद्ध होण्यासाठी प्रयत्नशैथिल्य, म्हणजे प्रयत्नातला ताण सैल करणे, सांगितले आहे. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात मात्र कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहणाऱ्याला बुद्धिमान म्हटले असल्यामुळे हालचाल आणि स्थिरता यांच्यामधली रेषाच पुसट होते. असा प्रश्न नुसत्या शब्दांत सोडवू गेल्यास तो शब्दांतच घोटाळत राहतो, म्हणून जिथे चूक लपत नाही अशा एखाद्या साधनात तो तपासून पाहणे उपयोगाचे ठरते. नवशिक्या निरीक्षकाच्या दुर्बिणीची बैठक, म्हणजे नळी तोलून धरणारी आणि तिला हव्या त्या दिशेला वळू देणारी यंत्रणा, हे असेच एक साधन आहे.

पृथ्वी स्वतःभोवती 23 तास 56 मिनिटांत एक फेरी पूर्ण करते, त्यामुळे आकाशातील तारे तासाला सुमारे 15 अंश पश्चिमेकडे सरकताना दिसतात. शंभरपट विवर्धन देणाऱ्या नेत्रिकेतून साधारणतः अर्धा अंश रुंदीचे आकाश दिसते असे धरले, तर खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा हे क्षेत्र अवघ्या दोन मिनिटांत ओलांडून जातो; म्हणजे नळी जमिनीच्या दृष्टीने जितकी अचल, तितके तिच्यातले दृश्य चंचल. यावरचा जुना उपाय म्हणजे विषुववृत्तीय बैठक. तिचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवला जातो, म्हणजे पुण्यासारख्या ठिकाणी तो क्षितिजापासून सुमारे साडेअठरा अंश उचलून ध्रुवताऱ्याच्या रोखाने वळवला जातो, आणि मग केवळ त्या एका अक्षाभोवती पृथ्वीच्या उलट दिशेने, तिच्याच गतीने नळी फिरवत राहिल्यास तारा जागच्या जागी उभा राहतो. (इतक्या कमी अक्षांशावर, नळीचे वजन तोलणाऱ्या प्रतिभाराचा दांडा कित्येकदा तिपाईच्या पायावर आदळतो, कारण स्वस्त बैठका बहुतेक युरोप-अमेरिकेचे आकाश डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या असतात.) ताऱ्याच्या दृष्टीने स्थिर राहायचे असेल, तर जमिनीच्या दृष्टीने चालत राहावे लागते, हे तत्त्व येथे हाताला जाणवते.

आर्यभटाने इसवी सन 499 च्या सुमारास, नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या अचल वस्तू मागे जाताना दिसतात त्याप्रमाणे अचल तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे प्रतिपादन केले होते. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये गीतेच्या त्याच चौथ्या अध्यायावर भाष्य करताना नावेचाच दृष्टान्त घेतला आणि न चालता चालणाऱ्या सूर्याचा दाखलाही दिला, मात्र त्यांचा रोख आकाशाकडे नसून कर्म करीत असताना अकर्ता राहणाऱ्या पुरुषाकडे होता. दोघांचेही म्हणणे दृष्टीविषयी आहे. गती कोणाची आणि भास कोणाचा, याचा निवाडा झाला की काम झाले, असे त्यातून सूचित होते. बैठक जुळवणाऱ्याचे काम मात्र तिथे सुरू होते, कारण निवाडा अचूक असूनही नळी अडखळतच चालते.

हे अडखळणे का घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर टेकून निश्चल असताना त्यांना हलवण्यास जे बल लागते, त्याला स्थितिक घर्षण म्हणतात, आणि सरकू लागल्यावर जो विरोध उरतो, त्याला गतिक घर्षण. बहुतेक पदार्थांत पहिले दुसऱ्यापेक्षा जास्त असते. म्हणून नळी किंचित सरकवायची असता हाताचा दाब वाढत जातो, काहीच घडत नाही, आणि अडसर सुटताच तो साठलेला दाब एकदम मोकळा होऊन गुरू ग्रह क्षेत्राबाहेर फेकला जातो. स्वस्त बैठकीत कारखान्यातून भरलेले चिकट, घट्ट ग्रीस हा दोष वाढवते. ते रॉकेलने धुऊन काढून हलके लिथियम ग्रीस पातळ लावणे, आणि मुठीने अक्ष फिरवणारा मळसूत्री दांडा व त्याचे दंतचक्र यांच्यामधले अंतर स्क्रूंनी जुळवणे, हा त्यावरचा नेहमीचा इलाज होय. अंतर फार कमी केले तर चक्र मध्येच आवळते, आणि फार ठेवले तर वर्कशॉपमध्ये ज्याला प्ले म्हणतात ती मोकळीक निर्माण होऊन मूठ फिरते पण नळी हलत नाही. घर्षण समूळ नाहीसे करणे हा मात्र इलाज नव्हे, कारण मग वाऱ्याची झुळूकही दुर्बिणीची दिशा ठरवू लागेल.

या कोड्याचे सर्वांत सुंदर उत्तर एका संन्याशाने दिले, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. 1915 मध्ये बीजिंगमध्ये जन्मलेले जॉन डॉब्सन 1944 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले. अद्वैत वेदान्त आणि आधुनिक विज्ञान यांचा मेळ तपासण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले गेले, आणि ते काम करता करता ते जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे बनवू लागले. दुर्बिणींचे हे वेड मठाच्या शिस्तीत बसेना आणि 1967 मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र आणि शनी दाखवण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांची बैठक म्हणजे प्लायवूडची एक पेटी, जी टेफ्लॉनच्या तीन तुकड्यांवर फिरते. त्या तुकड्यांवर टेकणाऱ्या पृष्ठभागाला पुढे, आपल्याकडे सनमायका म्हणून ओळखला जातो तसला खरखरीत पत्रा लावण्याची रीत रूढ झाली. टेफ्लॉनचे स्थितिक आणि गतिक घर्षण जवळजवळ सारखे असते, त्यामुळे नळी बोटाने ढकलली की निघते, बोट थांबले की थांबते, आणि निघताना उसळी घेत नाही. त्यातही एक गंमत अशी की टेफ्लॉनवरचा दाब वाढला की त्याचा घर्षणांक कमी होतो, म्हणून हालचाल हलकी व्हावी या हेतूने मोठे तुकडे बसवणाऱ्याची पेटी उलट जडच फिरते.

गीतेने समत्वाला योग म्हटले आहे आणि त्याचा अर्थ सर्वसाधारणपणे सुखदुःखांविषयीची उदासीनता असा लावला जातो. डॉब्सनची पेटी त्याहून नेमका अर्थ सुचवते. तिच्यात विरोध शून्य झालेला नाही. आरंभाचा विरोध आणि चालू असतानाचा विरोध एकसारखा झाला आहे. कर्म करणाऱ्याचा बराचसा ताण कर्मात नसून आरंभाच्या उंबरठ्यावर साठलेला असतो, आणि तो साठा अचानक फुटतो म्हणूनच कृती प्रमाणाबाहेर जाते, असे मानल्यास प्रयत्नशैथिल्य म्हणजे प्रयत्न कमी करणे असा अर्थ करण्याची गरज उरत नाही, आणि आळसाला समत्वाचे नाव देण्याची पळवाटही बंद होते.

या अर्थावर एक आक्षेप मात्र घ्यावा लागतो, आणि तो पुन्हा बैठकीकडूनच येतो. मोटर लावलेल्या विषुववृत्तीय बैठकीत नळी आणि प्रतिभार अगदी बिनचूक तोलले, तर दात्यांमधल्या त्या मोकळिकीत नळी अधांतरी डुलू लागते. म्हणून जाणकार निरीक्षक पूर्वेकडची बाजू मुद्दाम किंचित जड ठेवतो, म्हणजे मोटरला सतत थोडे वजन उचलावे लागते आणि चक्राचे दाते एकाच बाजूने टेकलेले राहतात. दोन्ही पारड्यांत सारखे वजन हा समत्वाचा अर्थ निदान येथे लागू पडत नाही. येथे लागतो तो दिशा ठरवून, मोजून ठेवलेला भार, आणि दुर्बीण मध्यान्हरेषेच्या पलीकडे उलटवली की प्रतिभार सरकवून तो पुन्हा पूर्वेकडे आणावा लागतो.